सत्त्याण्णव, ऑर्चर्ड स्ट्रीट: नावानिशी जपलेली बिऱ्हाडं



संग्रहालय म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तलवारी, नाणी, मूर्ती, मखमली म्यानं. घर जपायचं ठरलं तर राजाचा महाल, सरदाराचा वाडा, फार तर एखाद्या थोर पुरुषाची जन्मखोली. पण ज्या घरात एकही थोर माणूस जन्मला नाही, एकही तह झाला नाही, ते घर कुणी जपावं? आणि कशासाठी?

आजच्या व्याख्यानाचा विषय असं एक घर आहे. पत्ता: ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट, लोअर ईस्ट साइड, न्यू यॉर्क. या पाच मजली विटांच्या इमारतीत शिंपी राहिले, इस्त्रीवाले राहिले, वेटर आणि सुतार राहिले. नवरा परागंदा झाल्यावर शिवणकामावर मुलं वाढवणारी एक बाई राहिली. १८६३ ते १९३५ या काळात वीसहून अधिक देशांतून आलेली सुमारे सात हजार माणसं या एका जिन्याने चढली-उतरली. अशा अनेक बिऱ्हाडांच्या भाड्याच्या इमारतीला तिकडे टेनेमेंट म्हणतात. आज तिथे टेनेमेंट म्युझियम आहे, आणि जगभरातून लोक तिकीट काढून ती बिऱ्हाडं पाहायला येतात.

इमारत बांधली ल्युकास ग्लॉकनर नावाच्या जर्मन शिंप्याने. तोही बाहेरून आलेला, आणि काही काळ स्वतः त्याच इमारतीत राहिलेला. प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडं, दोन रस्त्याच्या अंगाला, दोन परसाच्या. प्रत्येकाला तीन खोल्या, सगळ्या मिळून सव्वातीनशे चौरस फूट. तीनपैकी एकाच खोलीला बाहेर उघडणारी खिडकी. मधल्या स्वयंपाकघरात अंधार, आतल्या झोपायच्या खोलीत त्याहून अंधार. नळ नाही. संडास मागच्या परसात, सगळ्या इमारतीत मिळून. थंडीच्या रात्री पाचव्या मजल्यावरून लहान मुलाला घेऊन खाली उतरायचं, पाण्याच्या बादल्या परसातून वर न्यायच्या, घाण पाणी पुन्हा खाली आणायचं. हे रोज करायचं, आणि बहुतेक वेळा बायकांनी करायचं.

ही इमारत वाचली ती एका घरमालकाच्या हिशेबामुळे. १९३५ साली आगीपासून संरक्षणाचे नियम कडक झाले. जिना आणि बोळ सुधारायचे तर खर्च होता, आणि मंदीच्या काळात भाड्यातून तो भरून निघण्यासारखा नव्हता. मालकाने भाडेकरू बाहेर काढले, वरचे मजले बंद केले आणि खालची दुकानं तेवढी चालू ठेवली. त्यामुळे वर पुढची पन्नास वर्षं कुणी भिंत पाडली नाही, फरशी बदलली नाही, नवा रंग दिला नाही. १९८८ साली रूथ अब्राम आणि अनिता जेकबसन या दोघी स्थलांतरितांच्या इतिहासाचं संग्रहालय काढण्यासाठी जागा शोधत होत्या. कचेरीपुरतं एक दुकान भाड्याने मिळावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दुकान पाहता पाहता मागचा बंद जिना दिसला, आणि वर अख्खी इमारत जशीच्या तशी उभी होती.

श्रोतेहो, या इमारतीविषयी तीन गोष्टी क्रमाने मांडायच्या आहेत. पहिली भिंतींची, दुसरी नावांची, आणि तिसरी, ज्यांना त्या भिंतींत जागाच मिळाली नाही त्यांची. त्यानंतर थोडं आपल्याकडे पाहू.

पहिली गोष्ट, भिंती.

या संग्रहालयात आपल्या मनाने फिरता येत नाही. अरुंद जिन्यावर मावतील एवढ्याच लोकांची छोटी तुकडी केली जाते, सोबत एक मार्गदर्शक असतो, आणि एका फेरीत एक-दोन बिऱ्हाडांचीच गोष्ट सांगितली जाते. काही खोल्या जुन्या काळाप्रमाणे सजवलेल्या आहेत. काही मात्र मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत: पोपडे निघालेल्या, छताच्या पट्ट्या उघड्या पडलेल्या. फक्त आणखी ढासळू नयेत एवढा आधार दिलेला.

त्या पडक्या खोल्या कशासाठी ठेवल्या असतील? कारण तिथे भिंत वाचता येते. भिंतीवर नक्षीच्या कागदाचे थरावर थर आहेत. एक बिऱ्हाड गेलं, दुसरं आलं, त्याने जुन्या कागदावर आपल्या आवडीचा कागद चिकटवला. कुणाला फुलं आवडली, कुणाला पट्टे. डोक्यावर भाड्याचं ओझं, पण खोली नीट दिसली पाहिजे ही ओढ प्रत्येकाला होती. जमिनीच्या फळ्यांखालून आणि सांदीकोपऱ्यांतून बटणं निघाली, खेळणी निघाली, कागदाचे कपटे निघाले.

एकोणिसाव्या शतकातल्या या वस्त्यांचं जे चित्र जगाला माहीत आहे, ते बरंचसं जेकब रीस याच्या छायाचित्रांतून आलं. रीस स्वतः डेन्मार्कहून आलेला बातमीदार. मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगीत उजेड पाडून त्याने अंधाऱ्या खोल्या टिपल्या आणि १८९० मध्ये पुस्तक काढलं. त्या पुस्तकाने शहराला हलवलं, कायदे व्हायला मदत झाली. त्याचं हे ऋण मोठं आहे. पण त्या चित्रांतली बरीच माणसं बिननावाची आहेत. अचानक पडलेल्या उजेडाने दचकलेली, कळकट, दीनवाणी. ९७ क्रमांकाच्या भिंती दुसरी बाजू सांगतात. त्याच अंधारात कुणीतरी कागदाचा रंग निवडत होतं, कुणीतरी खिडकीला लेसचा पडदा लावत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय या घरांचा इतिहास पुरा होत नाही.

या भिंतींत आणखी एक गोष्ट दिसते. कायदा! कायदा आपण पुस्तकात वाचतो. इथे तो खोल्यांतून फिरता फिरता पाहता येतो. न्यू यॉर्कचा पहिला टेनेमेंट कायदा १८६७ चा. त्याने काय मागितलं? वीस माणसांमागे एक संडास आणि आगीच्या वेळी बाहेर पडायला वाट. एवढंच, आणि तेवढंही नीट अमलात येत नव्हतं. १८७९ च्या कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला हवा हवी म्हटलं, तर मालकांनी दोन इमारतींमध्ये चिंचोळ्या फटी सोडल्या. त्या फटींत कचरा साचू लागला आणि आगीला वर चढायला वाट मिळाली. खरा बदल आला १९०१ च्या कायद्याने. तो जुन्या इमारतींनाही लागू झाला: अंधाऱ्या खोल्यांच्या आतल्या भिंतींत खिडक्या पाडा, बोळात दिवा ठेवा, दोन बिऱ्हाडांमागे एक संडास इमारतीच्या आत बांधा.

घरमालक गप्प बसले का? नाही. परसातले संडास काढून आत बांधायला लावणं म्हणजे मालमत्तेच्या हक्कावर घाला आहे, असं म्हणत एका घरमालकिणीचा दावा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०६ मध्ये तिथे निकाल कायद्याच्या बाजूने लागला. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीटच्या मजल्यांवर १९०५ च्या सुमारास संडास आले, मजल्याला दोन. आज पाहुणे त्या लहानशा दाराशी थांबतात. त्या दारामागे चाळीस वर्षांचा झगडा आहे, डॉक्टरांचा, सुधारकांचा, आणि पाण्याच्या बादल्या वाहून मेटाकुटीला आलेल्या बायकांचा.

आता दुसरी गोष्ट, नावं. या संग्रहालयाचं खरं मोठेपण इथे आहे.

जुना पलंग, जुनी चूल, जुनी शिलाई मशीन मांडून ‘एकोणिसाव्या शतकातलं गरीब घर’ असा फलक लावता आला असता. तसं केलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण या लोकांनी ठरवलं की प्रत्येक खोली एखाद्या खऱ्या कुटुंबाची असेल, नावानिशी, सालानिशी. मग जनगणनेच्या याद्या, शहराच्या पत्तेवह्या, न्यायालयाचे अर्ज, मृत्यूचे दाखले चाळले गेले. वंशज शोधले गेले. खोलीतल्या वस्तू बहुतेक त्या काळातल्या पण दुसरीकडून आणलेल्या आहेत. माणसं मात्र तिथलीच.

नॅटली गंपर्ट्झचं उदाहरण घ्या. प्रशियातून आलेली ज्यू बाई. तिचा नवरा ज्युलियस चपला-बुटांच्या धंद्यात कामाला होता. १८७३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. १८७४ च्या ऑक्टोबरात एके दिवशी ज्युलियस कामाला म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. पदरात लहान मुलं. तिने घरातच बायकांचे कपडे शिवायला सुरुवात केली. ही कहाणी आज आपल्याला कशी कळते? तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. कळते ती न्यायालयातल्या एका अर्जामुळे. सासऱ्याच्या मालमत्तेतला नवऱ्याचा वाटा मिळवायचा होता, त्यासाठी तो मेला असं न्यायालयाकडून ठरवून घेणं भाग होतं. त्या कागदात तो दिवस नोंदला गेला. वाटा होता सुमारे सहाशे डॉलरचा. त्या काळी कष्टकरी घराला ती मोठी रक्कम होती.

त्याआधी, १८६९ साली, इथे आयरिश मूर कुटुंब राहत होतं. जोसेफ आणि ब्रिजेट. त्यांची अ‍ॅग्नेस नावाची तान्ही मुलगी पाच महिन्यांची असताना कुपोषणाने गेली. मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलेलं आहे. त्या काळी शहरात विकलं जाणारं दूध बऱ्याचदा दारूच्या भट्टीतला चोथा खाऊ घातलेल्या गाईंचं असे, वर त्यात भेसळ. आईचं दूध पुरलं नाही तर तान्ह्या मुलाला दुसरं काय द्यायचं? त्या खोलीत मार्गदर्शक ही गोष्ट सांगतो तेव्हा शहराच्या दूधपुरवठ्याचा इतिहास एका पाळण्यापाशी येऊन थांबतो.

१८९० च्या दशकात तिथेच हॅरिस लेव्हाइन आणि त्याची बायको जेनी यांचं बिऱ्हाड होतं. पोलंडहून आलेलं. समोरची उजेडाची खोली म्हणजे शिलाईचा कारखाना. कारखाना निरीक्षकांच्या नोंदीत हॅरिसचं नाव आहे, म्हणूनच त्याचा ठावठिकाणा लागला. एक कारागीर मशीनवर, एक कच्चे टाके घालायला, एक हातशिलाई पुरी करायला, आणि एक इस्त्रीला. इस्त्र्या तापायच्या त्याच चुलीवर जिथे जेनीचा स्वयंपाक. सव्वातीनशे चौरस फुटांत कारखाना, चूल आणि लहान मुलं, सगळं एकत्र. घर कुठे संपतं आणि कामाची जागा कुठे सुरू होते? त्या खोलीत उभं राहून कुणालाही सांगता येत नाही.

काही वर्षांनी इथे आलेला एब्राहम रोगार्शेव्हस्की इस्त्रीवालाच होता. लिथुआनियाहून आलेला. वाफेने कोंदलेल्या खोल्यांत दिवस काढणाऱ्या या कामगारांत क्षय इतका होता की त्याला शिंप्यांचा रोग म्हणत. एब्राहम १९१८ साली क्षयाने गेला. मागे बायको फॅनी आणि मुलं. फॅनीने घरमालकाकडून इमारतीच्या देखभालीचं काम मिळवलं: झाडलोट, जिने पुसणं, आणि त्या बदल्यात राहायला जागा. १९३५ साली बाकी सगळे बाहेर पडले तरी ही बाई १९४१ पर्यंत त्या ओस इमारतीत राहिली.

तिच्या शेजारी मंदीच्या काळात सिसिलीचं बाल्दिझ्झी कुटुंब राहत होतं. बाप सुतार. १९२० च्या दशकात अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली, आणि हे नवरा-बायको परवानगीशिवायच आले. त्यांची मुलगी जोसेफिन म्हातारपणी संग्रहालयात आली आणि तिने आपल्या आठवणी सांगितल्या. शुक्रवारी संध्याकाळी शेजारची फॅनी खुणेने तिला बोलवायची आणि ही लहान मुलगी जाऊन तिच्या घरातला दिवा लावून द्यायची. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी धर्मनिष्ठ ज्यू दिवा पेटवत नाहीत, आणि जोसेफिन कॅथलिक. दोन धर्म, दोन भाषा, मध्ये एक भिंत. शेजारधर्म कसा चालतो याचा याहून नेमका पुरावा कुठल्या दप्तरात सापडेल?

म्हणून नावांचा आग्रह. नाव असलं की प्रश्न विचारता येतो: हिचं पुढे काय झालं? तो कशाने मेला? भाडं कोण भरत होतं? नाव नसलं की समोर फक्त ‘गरिबी’ उरते, आणि गरिबीकडे पाहून माणूस हळहळतो आणि पुढे जातो.

आता तिसरी गोष्ट, आणि ही अवघड आहे. ज्यांचं नाव कागदावर आलं त्यांना खोली मिळाली. ज्यांना त्या इमारतीत कधी भाड्याने जागाच दिली गेली नसती, त्यांचं काय?

वेटरचं काम करणाऱ्या आयरिश जोसेफ मूरचा शोध घेताना संशोधकांना शहराच्या पत्तेवहीत दुसरा एक जोसेफ मूर सापडला. तोही वेटर. दोन नावं एकाखाली एक. पण दुसऱ्याच्या नावाला एक छोटंसं चिन्ह जोडलेलं होतं: हा काळा आहे. तो मॅनहॅटनच्या दुसऱ्या भागात, काळ्या लोकांच्या वस्तीत राहत होता. ९७ क्रमांकाची इमारत उभी राहत होती त्याच वर्षी, १८६३ च्या जुलैत, सैन्यभरतीविरुद्धच्या दंगलींत न्यू यॉर्कमध्ये काळ्या लोकांवर हल्ले झाले. त्यांचं अनाथालय जाळण्यात आलं, कित्येक कुटुंबं शहर सोडून गेली. अशा शहरात हा जोसेफ आणि त्याची पत्नी रेचेल यांनी संसार केला.

२०२३ च्या अखेरीस संग्रहालयाने त्यांचं घर ९७ ऑर्चर्ड स्ट्रीटच्या वरच्या मजल्यावर उभं केलं. यावर टीका झाली. जे कुटुंब इथे कधी राहिलंच नाही, त्याची खोली इथे का? आक्षेप साधा नाही. इतकी वर्षं या संग्रहालयाची ताकद हीच होती की इथली माणसं खरोखर इथली. पण दुसऱ्या बाजूने पाहा. एकच शहर, एकच धंदा, एकच नाव, एकच साल. एकाला ही खोली मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. हे जर याच इमारतीत सांगायचं नाही, तर कुठे सांगायचं? अट एवढीच की पाहुण्याला स्पष्ट सांगितलं पाहिजे: हे कुटुंब इथे राहत नव्हतं, आणि का राहत नव्हतं ते ऐका. संग्रहालय ते सांगतं, म्हणून ही खोली त्याच्या प्रामाणिकपणातच भर घालते.

इतिहास सांगणारी संस्था स्वतःही कुणाची तरी शेजारी असते आणि कुणाची तरी मालक. २००२ च्या सुमारास शेजारची इमारत सरकारी अधिकाराने संपादन करून विस्तार करण्याचा बेत पुढे आला. तिथल्या मालकाने आणि रहिवाशांच्या बाजूने अनेकांनी विरोध केला, आणि तो बेत फसला. पुढे २०१९ मध्ये तिथल्या मार्गदर्शकांनी कामगार संघटना बांधण्याच्या बाजूने मत दिलं. पुढच्याच वर्षी महामारीने दारं बंद झाली आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. शिलाई कामगारांच्या संपांची गोष्ट रोज सांगणाऱ्यांनी स्वतःसाठी संघटना मागावी, यात नवल ते काय? भाडेकरूंचा आणि कामगारांचा इतिहास भिंतीवर लावला की त्याच मापाने आपल्यालाही मोजून घ्यावं लागतं.

अशी घरं जगात आणखीही आहेत. डब्लिनमध्ये १४, हेन्रिएटा स्ट्रीट ही अठराव्या शतकातली श्रीमंतांची हवेली. पुढे तिची एकेका खोलीची बिऱ्हाडं झाली, आणि १९११ मध्ये त्या एका घरात शंभर माणसं राहत होती. २०१८ पासून ते संग्रहालय आहे. बर्मिंगहॅममध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या कामगारांच्या घरांचं शेवटचं अंगण २००४ पासून पाहता येतं. तिथल्या शेवटच्या दुकानदारांपैकी एक कॅरिबियन बेटांवरून आलेला शिंपी होता. आणि खुद्द ऑर्चर्ड स्ट्रीटवर, १०३ क्रमांकाच्या इमारतीत, २०१७ पासून दुसऱ्या महायुद्धानंतरची बिऱ्हाडं आहेत: नाझींच्या छळातून वाचलेलं एक कुटुंब, प्वेर्तो रिकोहून आलेलं एक, आणि चीनमधून आलेलं एक. शिलाईचं काम इथेही सुटलेलं नाही.

शेवटी आपल्याकडे. आणि हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही.

१९१३ ते १९१६ या वर्षांत, म्हणजे रोगार्शेव्हस्की कुटुंब ऑर्चर्ड स्ट्रीटवर राहत होतं त्याच काळात, त्याच शहराच्या उत्तर भागात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. आणि त्यांचं मुंबईतलं घर कुठे होतं? परळच्या बीआयटी चाळीत, पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या खोल्यांत. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार न्यासाने बांधलेल्या चाळी त्या. दादरला राजगृह बांधून तिथे जाईपर्यंत बाबासाहेब त्या खोल्यांत राहिले. आपण त्या खोल्या ओळखतो, कारण त्या बाबासाहेबांच्या. शेजारच्या खोल्यांत कोण राहत होतं? कोण कुठल्या गावाहून आलं होतं, कोण कुठल्या गिरणीत होतं? हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

मुंबईतल्याच बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशे सात इमारती. सुमारे एकशे साठ चौरस फुटांची एकेक खोली, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. आज त्यांची पुनर्बांधणी चालू आहे. वरळीत २०२५ मध्ये पहिल्या कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि ते योग्यच आहे. एकशे साठ फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ‘तुझी खोली इतिहास आहे, तिथेच राहा’ असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. माणूस चांगल्या घरात जावो. प्रश्न एवढाच, की तो जाताना त्याच्याबरोबर काय काय नाहीसं होतं?

गिरणगावातल्या बायका आपल्या खोल्यांत गावाकडून आलेल्या कामगारांसाठी खानावळी चालवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जेनी लेव्हाइनच्या चुलीवर शिंप्याच्या इस्त्र्या तापत होत्या, इथल्या स्टोव्हवर गिरणी कामगारांचं जेवण शिजत होतं. दोन्हीकडे बाईचं घर हाच कारखाना. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास गोळा केला, ते मोठं काम झालं. पण एखाद्या खोलीत उभं राहून, तिथल्या कुटुंबाचं नाव घेऊन तो इतिहास ऐकण्याची सोय अजून व्हायची आहे.

त्यासाठी आधी कागद लागतात. ऑर्चर्ड स्ट्रीटचा अनुभव हेच सांगतो. इमारत पन्नास वर्षं बंद राहिली म्हणून टिकली, पण माणसं सापडली ती अर्ज, दाखले आणि नोंदींमुळे. या सभागृहात असे अनेक जण असतील ज्यांचे वडील, आजोबा, आजी चाळीत राहिले. भाडेपावत्या, शिधापत्रिका, गिरणीचं ओळखपत्र, शाळेचा दाखला, लग्नाची पत्रिका, गावाला पाठवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या: घर बदलताना हे सगळं रद्दीत जातं. ते वेगळं काढा. फोटोंच्या मागे नावं, साल आणि खोलीचा क्रमांक लिहा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्यासमोर बसून विचारा: पाणी किती वाजता यायचं, खोलीत किती जण झोपायचे, शेजारी कोण होतं. ते सगळं फोनवर ध्वनिमुद्रित करा. ग्रंथालयं, महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि अशा व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्था यांनी ते जमा करायची व्यवस्था उभी करावी, अशी इथल्या संयोजकांना जाहीर विनंती आहे. चाळींचं संग्रहालय होईल तेव्हा होईल. पण पहिल्या खोलीत कुणाचं कुटुंब असेल, हे ठरवायला लागणारे कागद याच वर्षी गोळा करावे लागतील.